जुनं चाक, नवा कॅम: दोन कंपाउंड धनुष्यांच्या प्रकल्प नोंदी

३ जून

काकांनी आज आपलं कंपाउंड धनुष्य माझ्या टेबलावर ठेवलं. १९८४ सालचं. दोन्ही टोकांना गोल चाकं, प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या पोलादी केबल, मॅग्नेशियमचा ओतीव रायझर (मधला पकडीचा भाग), लाकूड आणि फायबरग्लासचे थर चिकटवून केलेले लिम्ब (वर-खालचे वाकणारे हात). एका चाकाच्या आसापासून दुसऱ्याच्या आसापर्यंत ४४ इंच. माझं गेल्या वर्षी घेतलेलं धनुष्य शेजारी ठेवलं, ते ३१ इंच. फूटभराहून जास्त फरक, पण हातात घेतलं की जुनंच हलकं वाटतं.

"खांदा आता कुरकुर करतो," काका म्हणाले. "शिकारीला हेच चालवू की नवं घेऊ? तू मोजून सांग. कॅटलॉग वाचून सांगू नकोस."

त्यासाठी ही वही. सोय अशी की आम्हा दोघांचीही ड्रॉ लेंथ, म्हणजे ओढीची लांबी, २७ इंच आहे. दोन्ही धनुष्यं ५० पौंडांच्या कमाल ताणावर लावायची आणि दोन्हींतून तेच बाण सोडायचे. प्रश्न शिकारीचा आहे, स्पर्धेचा नाही. त्यामुळे सत्तर मीटरवर कोण काय करतं ते इथे गैरलागू. वीस-पंचवीस मीटरवर, एकच बाण, आणि तोही जनावराच्या वेळेप्रमाणे सोडायचा. त्या एका बाणाला कोण जास्त साथ देतं, ते बघायचं.

४ जून

कॅटलॉग वाचायचा नाही हे ठरलं, तरी त्यातल्या वेगाच्या आकड्यांचा निकाल एकदा लावून टाकते, कारण जुन्या-नव्याची तुलना बहुतेक वेळा इथेच फसते.

जुन्या धनुष्यांचा वेग एएमओ (धनुष्य बनवणाऱ्यांची संघटना) पद्धतीने छापत: ६० पौंड ताण, ३० इंच ओढ, ५४० ग्रेनचा (सुमारे ३५ ग्रॅमचा) बाण. म्हणजे प्रत्येक पौंडामागे ९ ग्रेन. आज सगळीकडे दिसतो तो आयबीओ (धनुष्याने शिकार करणाऱ्यांची संघटना) आकडा ७० पौंड, ३० इंच आणि ३५० ग्रेनच्या बाणाचा, म्हणजे पौंडामागे फक्त ५ ग्रेन. जास्त ताण आणि जवळजवळ दोन तृतीयांश वजनाचा बाण. हे दोन आकडे शेजारी ठेवून "केवढा फरक" म्हणण्यात अर्थ नाही.

माझ्या धनुष्यावर ३३० फूट प्रतिसेकंद छापलंय. माझा ढोबळ हिशेब असा: ओढ ३ इंच कमी, इंचामागे १० धरले तर ३० गेले. ताण २० पौंड कमी, पौंडामागे २ धरले तर ४० गेले. माझा कार्बन बाण ३८० ग्रेनचा, म्हणजे ३० ग्रेन जास्त; तीन ग्रेनमागे १ धरला तर आणखी १०. उरले २५०. दोरीवरचा पीप (नेम धरायचं छिद्र) आणि डी-लूप (दोरी पकडायचा छोटा फास) थोडा वेग खातात. क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) काय म्हणतो ते पुढे बघू.

७ जून

जुन्या धनुष्याची तपासणी. ओढून बघण्याआधी ही करायचीच, कितीही मोह झाला तरी.

कापसाचा बोळा घेऊन लिम्बच्या चारही कडांवरून सावकाश फिरवला. कुठे सळ निघाली असेल तर कापसाचा तंतू अडकतो. बोटापेक्षा हे बरं, कारण फायबरग्लासची कुसळं बोटात शिरली की दिसत नाहीत आणि निघतही नाहीत. लिम्ब स्वच्छ निघाले. लिम्ब रायझरवर बसतो त्या खाचेजवळ टॉर्च तिरका धरून पाहिलं. तडा नाही, थर सुटलेले नाहीत. आसाच्या क्लिपा जागेवर, चाकं न डगमगता फिरतात.

केबलपाशी मात्र थांबावं लागलं. खालच्या बाजूला, दोरी अडकवायचा जो थेंबाच्या आकाराचा धातूचा तुकडा असतो त्याच्या वर अर्ध्या इंचावर प्लॅस्टिकचं आवरण चिरलं होतं. चिरेतून एक तार बाहेर आली होती, केसाएवढी, टोकाला गंजाचा ठिपका. भिंग लावून पाहिलं तर आत आणखी दोन तुटलेल्या. बाहेरून एवढीशी चीर, पण ५० पौंडांच्या ताणाला ही केबल तुटली असती तर चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तुटली असती.

काकांना फोन केला. "मागच्या हंगामात मी त्यानेच नेम धरत होतो गं," एवढंच म्हणाले आणि गप्प झाले.

दोन्ही केबल बदलायच्या. ज्या कंपनीने हे बनवलं ती आता हे भाग बनवत नाही. एका जुन्या कारागिराकडे मापं पाठवली.

८ जून

कारागिराने विचारलं, दोरी नवीन धाग्याची करून देऊ का? वेग वाढेल. नाही म्हटलं. या धनुष्याची दोरी डॅक्रॉनची आहे. डॅक्रॉन ताणतो, आणि बाण सुटल्यावर दोरी थांबते त्या क्षणी बसणारा झटका त्या ताणण्यात मुरतो. डायनीमासारखा धागा जवळजवळ ताणत नाही. तो झटका सरळ लिम्बच्या टोकांना आणि चाकांना बसतो. १९८४ चे हे लिम्ब त्या हिशेबाने बनवलेलेच नाहीत. डॅक्रॉनच्या जागी डॅक्रॉन.

२२ जून

केबल आणि दोरी आली. बो-प्रेसवर, म्हणजे लिम्ब दाबून दोरी सैल करणाऱ्या यंत्रावर, बसवली. प्रेसशिवाय कंपाउंडच्या केबलला हात लावायचा नाही, हे जुन्यालाही लागू आणि नव्याला तर त्याहून जास्त.

मग टायमिंग. दोन्ही चाकं एकाच वेळी उलटली पाहिजेत. वरचं आधी उलटलं तर बाण मागच्या टोकाने वरखाली नाचत जातो. चाकाच्या कडेवर खडूने खूण करून हळूहळू ओढत पाहिलं, खालचं चाक मागे पडत होतं. केबलला पीळ देऊन जुळवलं, दीड तास गेला. याच कटकटीवर उपाय म्हणून मॅट मॅकफर्सन यांनी १९९२ मध्ये मॅथ्यूज कंपनी काढून एकच कॅम (गोल नसलेलं, खास आकाराचं चाक) असलेलं धनुष्य बाजारात आणलं: वर नुसतं गोल फिरकं चाक, खाली एकटा कॅम. एकाच कॅमला जुळवायचं कुणाशी? पुढे दोन्ही कॅम एकमेकांना केबलनेच बांधलेली रचना आली, माझ्या धनुष्यात तीच आहे. एक पुढे जायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. वर्षभरात मला टायमिंगला एकदाच हात लावावा लागला.

चाक काढलं होतं तेव्हा काकांच्या हातात दिलं. बाहेरून ते अगदी गोल, पण आसाचं भोक मध्यावर नाही, एका बाजूला सरकलेलं. सगळी युक्ती त्या सरकलेल्या भोकात आहे. अमेरिकेत मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला तो याच कल्पनेवर, आणि १९६९ च्या डिसेंबरमध्ये ते मिळालं. ओढीच्या सुरुवातीला दोरीची तरफ लांब नसते, म्हणून जोर लागतो. चाक उलटलं की तरफ लांबते आणि हातावरचा भार उतरतो. काकांनी ते चाक बराच वेळ बोटात फिरवलं. चाळीस वर्षं वापरूनही सुटं पाहिलं नव्हतं म्हणे.

२३ जून

आजचा दिवस या सगळ्या कामाचा गाभा ठरला, म्हणून सविस्तर.

फळीवर धनुष्य आडवं घट्ट बांधलं. दोरीला डिजिटल काटा, काट्याला हातविंच. एकेक इंच ओढायचं, काटा वाचायचा, लिहायचं. परत येताना विंच उलटी फिरवत हळूहळू यायचं. दोरी मोकळी सुटली तर सगळी ताकद बाणाऐवजी धनुष्यातच मुरते आणि लिम्ब फुटू शकतात.

जुनं: दोरी विश्रांतीत असताना पकडीपासून साडेआठ इंचांवर. पहिल्या २ इंचांना १२ पौंड. ४ इंचांना २४. चढ असाच शांतपणे वर जातो, १० इंचांवर ५० गाठतो, तिथे इंच-दोन इंच रेंगाळतो आणि मग तितक्याच सावकाश उतरायला लागतो. पूर्ण ओढीला २५ पौंड. ५० टक्के लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण ओढीला कमाल ताणातला एवढा भार उतरतो.

नवं: दोरी सव्वासहा इंचांवर. २ इंचांना २८ पौंड. ४ इंचांना ४९! तिथून पुढे ११ इंच काटा ५० च्या आसपास खिळलेला, पौंडभरही हलत नाही. शेवटच्या ४ इंचांत एकदम कोसळतो आणि ९ पौंडांवर येऊन थांबतो. ८२ टक्के लेट-ऑफ.

आलेख कागदावर काढले. जुन्याचा आलेख टेकडीसारखा. नव्याचा पठारासारखा, दोन्हीकडे कडे. दोन्हींची उंची तीच, ५० पौंड. पण धनुष्यात साठणारी ऊर्जा म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ. चौकोन मोजले: जुन्यात ४६ फूट-पौंड, नव्यात ६३.

याचा अर्थ मी दोनदा लिहून काढला, कारण विकत घेताना कुणीही हा विचारत नाही. "५० पौंडांचं धनुष्य" हे शब्द दोन्हींना लागू आहेत, तरी ती दोन वेगळी ओझी आहेत. जुन्यात तुम्ही ५० पौंडांना जेमतेम शिवून परत येता. नव्यात ते ५० पौंड ११ इंच वाहून न्यावे लागतात. जास्तीची ऊर्जा कॅम निर्माण करत नाही, ती ओढणाऱ्याच्या पाठीतूनच येते. आणि दोरी जवळ असल्यामुळे ओढीचा पल्लाही सव्वादोन इंच जास्त आहे, तोही आपणच ओढतो.

खांदा दुखणाऱ्या माणसाला "नवं घे, हलकं जातं" असं सांगणं म्हणूनच अर्धंच खरं आहे. धरून ठेवायला हलकं, ओढायला जड. सुरुवातीचा तो कडा तर खांद्याच्या सर्वांत नाजूक कोनात येतो.

२८ जून

क्रोनोग्राफ. दोन बाण. एक काकांचा जुना ॲल्युमिनियमचा, २०१६. हे साल नव्हे: बाहेरचा व्यास इंचाचा २० चौसष्टांश आणि पत्र्याची जाडी इंचाचे १६ हजारांश, असं त्या चार आकड्यांत बसवलेलं असतं. टोक आणि पिसांसकट तराजूवर ५०० ग्रेन. दुसरा माझा कार्बन, ३८० ग्रेन. प्रत्येकी सहा वेळा सोडून सरासरी, वेग फूट प्रतिसेकंदात.

जुनं धनुष्य: जड बाण १७०, हलका १९०.
नवं धनुष्य: जड बाण २१८, हलका २४६.

कॅटलॉगमधले ३३० माझ्या हातात २४६ होतात. ४ तारखेचा ढोबळ हिशेब चांगला निघाला. यात फसवणूक काही नाही. ते आकडे वेगळ्या हातांचे आहेत एवढंच. २७ इंच ओढ असलेल्या माणसाने त्यावर जीव टाकू नये.

२९ जून

ऊर्जा काढली. बाणाचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०.

जड बाण: जुन्यातून ३२ फूट-पौंड, नव्यातून ५३. हलका: ३० आणि ५१. म्हणजे जुनं साठवलेल्या ४६ पैकी ७० टक्के बाणाला देतं, नवं ६३ पैकी ८४ टक्के. जुन्याची उरलेली ताकद पोलादी केबल आणि जाड चाकं हलवण्यात, डॅक्रॉन ताणण्यात आणि सुटल्यानंतर हातात जाणवणाऱ्या थरथरीत जाते. नव्याचे लिम्ब जवळजवळ एकमेकांना समांतर आहेत. सुटताना वरचा वर आणि खालचा खाली जातो, दोघांचा धक्का एकमेकांना मारतो. जुन्याचे लिम्ब दोन्ही पुढे झेपावतात आणि मूठही सोबत नेतात.

दोन्ही धनुष्यांत जड बाणाला ऊर्जा जास्त मिळते हेही इथे दिसतं. हलका बाण दोरीवरून इतक्या लवकर निसटतो की धनुष्याला सगळं देऊन होत नाही.

ईस्टन कंपनीच्या मार्गदर्शक तक्त्यात हरणाएवढ्या जनावराला २५ ते ४१ फूट-पौंड आणि त्याहून मोठ्याला, रानडुक्कर धरून, ४२ ते ६५ दिलेत. काकांचं ३२ हरणाच्या रकान्यात ठीक बसतं. गेली इतकी वर्षं त्यांचं काम होत आलं त्याचं कारण हेच. जिथे शिकारीला कायद्याने परवानगी आहे तिथेही किमान ताणाचे नियम असू शकतात, ते वेगळे बघावे लागतात.

४ जुलै

२० मीटर, सहा-सहा बाणांच्या पाच फेऱ्या, ग्रुपची, म्हणजे एका फेरीतले बाण लागले त्या झुबक्याची, सरासरी रुंदी.

जुनं, बोटांनी: १३ सेंटिमीटर. जुनं, रिलीजने (दोरी धरून कळ दाबून सोडायचं साधन): ९. नवं, रिलीजने: ८. नवं बोटांनी फक्त एक फेरी केली आणि सोडलं. ३१ इंचांच्या धनुष्यात पूर्ण ओढीला दोरीचा कोन इतका टोकदार होतो की बोटं चिमटली जातात आणि नॉकवरून (बाणाच्या दोरीत बसणाऱ्या खाचेवरून) बाण हलतो. ४४ इंचांत बोटांना जागा आहे. बोटांनीच सोडणाऱ्या शिकाऱ्याला मी आजचं आखूड धनुष्य घे म्हणणार नाही.

रिलीजने सोडलं तर ९ आणि ८. चाळीस वर्षांच्या अंतराला एक सेंटिमीटर. नीट जुळवलेलं जुनं धनुष्य अचूकतेत मागे नाही. लांब आस आणि दूरची दोरी हाताची चूक पोटात घालतात. नवं तिथे थोडं कडक आहे. हा आकडा बघून काकांचा चेहरा खुलला, आणि मलाही बरं वाटलं.

५ जुलै

काल जे मोजलं ते माझ्या वेळेने सोडलेले बाण होते. रानात वेळ आपली नसते. जनावर झाडामागून येतं, आपण ओढतो, आणि ते थांबतं. एक पाऊल मागे, मान वळलेली, खांदा झाडाआड. आता धरून ठेवायचं. सोडून पुन्हा ओढलं तर हालचाल दिसते.

म्हणून आज दोन परीक्षा. पहिली: ओढून साइटची (नेम धरायच्या साधनाची) पिन ८ सेंटिमीटरच्या वर्तुळात ठेवायची, बाहेर जायला लागली की घड्याळ बंद. जुन्यावर तीन वेळची सरासरी १३ सेकंद, नव्यावर ४१. २५ पौंड आणि ९ पौंड यांतला हा फरक आहे.

दुसरी: ओढायचं, १५ सेकंद मोजायचे, मगच सोडायचं. जुन्याचा ग्रुप ९ वरून २१ सेंटिमीटरला गेला. नव्याचा ८ वरून १० ला. जुन्यावर शेवटच्या दोन बाणांना माझी कोपराची शिरा थरथरताना मला दिसत होती, पिन खालून वर फेकली जात होती आणि मी ती मध्ये येताच घाईने सोडत होते. नेम धरणं संपून झडप घालणं सुरू झालं होतं.

हरणाच्या काळीज-फुप्फुसांचा भाग म्हणून साधारण २० सेंटिमीटरचं वर्तुळ धरतात. २१ चा ग्रुप त्यात मावत नाही. शांत वातावरणात, सपाट जमिनीवर, धडधड नसताना मावत नाही.

काका बघत उभे होते. "असं माझं दोनदा झालंय," ते म्हणाले. "एकदा सोडला नाही. एकदा सोडला." पुढचं मी विचारलं नाही.

११ जुलै

आता वेगाचं. वेग हवा तो जोर दाखवायला नव्हे, अंतर ओळखण्यात झालेली चूक सांभाळायला.

साइट २५ मीटरला लावली. लक्ष्य २८ मीटरवर ठेवलं, म्हणजे ३ मीटरची चूक. रेंजफाइंडर काढायला वेळ नसेल तर एवढी कुणाचीही होते. आधी गणित केलं, मग सोडून पाहिलं. जुनं, ५०० ग्रेन: गणिताने १५ सेंटिमीटर खाली, प्रत्यक्षात १६. नवं, ५०० ग्रेन: ९, प्रत्यक्षात १०. नवं, ३८० ग्रेन: ७, प्रत्यक्षात साडेसात. २० सेंटिमीटरच्या वर्तुळाची त्रिज्या १०. म्हणजे जुन्यावर तीच चूक बाण वर्तुळाबाहेर नेते, नव्यावर हलका बाण आत ठेवतो आणि जड बाण काठावर आणून सोडतो.

२० मीटरच्या आत हा फरक उरत नाही. काकांनी आजवर २० च्या पुढे सोडलेलंच नाही. ही त्यांची शिस्त त्यांच्या धनुष्याला साजेशीच होती.

आवाजाचंही आजच लिहून ठेवते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. २५ मीटरवर तो ०.०७ सेकंदात पोचतो. जुन्याचा जड बाण ०.४८ सेकंद घेतो, नव्याचा हलका ०.३३. दोन्ही वेळा जनावर आधी ऐकतं. मग दचकून ते खाली दबतं, आणि जुन्यावर त्याला ०.४१ सेकंद मिळतात, नव्यावर ०.२६. आवाजाच्या पुढे धावणारा बाण कुठलंच धनुष्य सोडत नाही, तेव्हा धनुष्य मुळात शांत असणं जास्त कामाचं. नव्याला दोरी अडवणारा रबरी स्टॉपर आहे, त्याचा आवाज 'ठप' असा तुटक. जुन्याचा 'टण्ण' आणि मागे केबलची झणझण. दोरीला रबराची दोन मिशीसारखी झुंबरं बांधली, केबल गार्डला (केबल बाणाच्या वाटेतून बाजूला ठेवणाऱ्या दांडीला) मेण लावलं. झणझण निम्मी झाली. जड बाणानेही ती कमी होते. आता वाटतं, केबल जुन्या असतानाच हे करून पाहिलं असतं तर काकांना कितीतरी वर्षं आधी उपयोग झाला असता.

१८ जुलै

शिकारीच्या पात्यांची टोकं लावून. बाण जनावराला धक्क्याने मारत नाही, कापून मारतो. म्हणून आधी प्रत्येक पातं कागदावर तपासलं, फाडलं तर बाद, कापलं तरच ठेवलं.

जुन्यातून तीन पात्यांचं स्थिर टोक आणि साधं टोक एकाच जागी गेलं. नव्यातून हलक्या बाणावर तेच टोक २० मीटरला १४ सेंटिमीटर डावीकडे. वेग वाढला की पाती पुढच्या पिसांसारखी वागतात आणि ट्यूनिंगमधली बारीक चूक उघडी पाडतात. रेस्ट (बाण टेकतो तो आधार) उजवीकडे दीड मिलिमीटर सरकवला, दोन्ही ग्रुप एकत्र आले. साध्या टोकाने सराव करून रानात पाती लावून जाणाऱ्याने हे आधी केलंच पाहिजे, नव्या धनुष्यावर तर नक्कीच.

आपटल्यावर उघडणारी टोकं मी जुन्यासाठी चाचणीलाही घेतली नाहीत. पाती उघडण्यात ऊर्जा जाते आणि ३२ मधून द्यायला फारशी नाही. त्याला दोन पात्यांचं, टोकापासूनच कापत जाणारं स्थिर टोक.

२५ जुलै

२३ जूनपासून जे डोक्यात होतं ते आज केलं. ५० ला ५० तोलत बसण्यापेक्षा, नवं धनुष्य जुन्याएवढं काम किती पौंडांत करेल?

माझं धनुष्य ४० ते ५० पौंडांचं आहे. दोन्ही लिम्ब बोल्ट सारखेच चार-चार फेरे सैल केले, काट्यावर ४० आलं. त्याखाली जायचं नाही, कंपनीने घातलेली मर्यादा आहे. साठलेली ऊर्जा ५० फूट-पौंड. पूर्ण ओढीला हातात ७ पौंड.

५०० ग्रेनचा बाण: १९६ फूट प्रतिसेकंद, ४३ फूट-पौंड. ३८० ग्रेन: २२१, म्हणजे ४१ फूट-पौंड. २०१६ बाण या ताणाला ताठ पडला, कागदातून सोडल्यावर कागद बाजूला फाटत होता. रेस्ट थोडा हलवून नीट केला.

पुन्हा पाहिलं, पुन्हा सोडलं, आकडे तेच. काकांचं जुनं धनुष्य ५० पौंड ओढून ३२ देतं. नवं ४० ओढून ४३. ओढ १० पौंडांनी कमी, धरण्याचा भार २५ वरून ७, आणि बाण तोच, त्यांचाच जुना ॲल्युमिनियमचा. तीन मीटरच्या चुकीला साडेअकरा सेंटिमीटर, जुन्यावर पंधरा.

नव्या धनुष्याकडून घ्यायचं ते हे. सगळे जण नवं धनुष्य घेऊन ताण वाढवतात, बाण हलका करतात आणि वेगाचा आकडा सांगतात. ताण उतरवून बाण तोच ठेवला, तर आलेला नफा खांद्याला आणि त्या पंधरा सेकंदांना मिळतो.

२६ जुलै

काका आले. ४० पौंडांवर लावलेलं माझं धनुष्य दिलं. आधी म्हटलं, "काका, सुरुवात कडक लागेल, पण घाई करू नका. कोपर उंच ठेवा." त्यांनी ओढलं. पहिल्या चार इंचांना भुवया वर गेल्या, मग कॅम उलटला आणि त्यांचा खांदा खाली बसलेला मला दिसला. मी मनात आकडे मोजत होते. वीसला त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात तसाच, पिन जवळजवळ स्थिर. सव्विसाव्या सेकंदाला सोडला. २० मीटरवर मध्यापासून चार सेंटिमीटर.

"दुखलं?"

"ओढताना थोडं. धरताना नाही." मग जरा वेळाने, "आपण धरलंय हेच विसरायला होतं."

रिलीजची सवय त्यांना नाही, सहापैकी दोन बाण अंगठ्याच्या धक्क्याने लांब गेले. बोटांची चाळीस वर्षांची सवय एका सकाळी जात नाही. मी हंगामाआधी निदान दोन महिने सराव सांगितलाय, पहिले दोन आठवडे तीन मीटरवरून, डोळे मिटून, फक्त सोडण्याचा.

त्यांनी ठरवलंय: शिकारीला ४० ते ५० चं, आस थोडी लांब, ३३-३४ इंचांची, दोरी सात इंचांवर असलेलं नवं धनुष्य. वेग थोडा कमी मिळेल, हाताच्या चुकीला जास्त जागा मिळेल. माझ्यासारखं ३१ इंची त्यांनी घेऊ नये, हे माझंही मत.

जुन्याच्या लिम्बवर मऊ कापड फिरवलं, दोरीला मेण लावलं, बोल्ट एक फेरा सैल करून ४७ वर आणलं. बदललेल्या केबलची तारीख आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिली. काका ते रोज संध्याकाळी बोटांनी वीस बाण सोडायला घरी घेऊन गेले. पुढची तपासणी सहा महिन्यांनी, कापसाचा बोळा आणि भिंग घेऊन.